मतं वाढली, आमदारकी गेली: जे. पी. गावित आणि कळवण मतदारसंघ

नाशिक जिल्ह्यातल्या कळवण मतदारसंघाचे गेले तीन विधानसभा निकाल एकाखाली एक मांडून पाहा. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे (माकप) जे. पी. गावित २०१४ साली सुमारे ६७ हजार ८०० मतं घेऊन निवडून आले. २०१९ साली त्यांची मतं ८० हजारांच्या वर गेली आणि ते पडले. २०२४ साली मतांनी एक लाख दहा हजारांचा टप्पा ओलांडला, तरीही ते पडलेच. उमेदवार तोच, विळा-हातोड्याचं चिन्ह तेच, मतदारसंघाच्या सीमाही त्याच. दहा वर्षांत मतं साठ टक्क्यांहून जास्त वाढली आणि याच काळात त्यांची आमदारकी गेली.

मतदारयादी वाढली, मतदानाचा टक्का चढला, हे यामागचं एक कारण आहेच. पण तेवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. एखाद्या आमदाराची कारकीर्द आपण बहुतेक वेळा किती वेळा जिंकला आणि किती वेळा हरला एवढ्यावरच मोजतो. गावितांच्या बाबतीत तो हिशोब अपुरा पडतो. त्यांचे विजय आणि पराभव दोन्ही नीट समजून घ्यायचे तर मतदारसंघाचा नकाशा, समोरच्या बाजूची फाटाफूट आणि दोन निवडणुकांच्या मधली वर्षं, या तिन्ही गोष्टी सोबत वाचाव्या लागतात. हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण नाशिक शहरात गावित ओळखले जातात ते २०१८ च्या नाशिक-मुंबई शेतकरी मोर्चामुळे. त्यांचा निवडणुकीतला प्रवास मात्र शहराला फारसा माहीत नाही.

भूगोल आधी

सुरगाणा तालुका जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून आहे. पावसाळ्यात धो धो पाऊस, उन्हाळ्यात हंड्याभर पाण्यासाठी पायपीट. नार, पार या नद्या इथून पश्चिमेकडे वाहत जातात. शेतात भात, नागली, वरई. दिवाळीनंतर घरंच्या घरं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला उतरतात. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल ही इथली मुख्य वस्ती. संस्थानी काळात देशमुखांच्या ताब्यात असलेला हा भाग १९४८ साली विलीन झाला.

पूर्वेकडचं कळवण निराळं आहे. पश्चिमेकडची गावं आदिवासी आणि डोंगराळ, सप्तशृंगीचा गड याच तालुक्यात. पण जसजसं पूर्वेला उतरावं तसतशी चणकापूर आणि पुनद धरणांच्या पाण्यावरची बागायत लागते. कांदा, ऊस, बाजार समितीचं राजकारण, सोसायट्या, पतसंस्था. या भागातली शेती आणि शेतीचे प्रश्न जिल्ह्यातल्या इतर बागायती तालुक्यांसारखेच आहेत.

आज हे दोन्ही भाग एकाच मतदारसंघात आहेत. गावितांचं राजकारण घडलं तेव्हा ते तसे नव्हते.

सुरगाण्यातली वर्षं

जिवा पांडू गावित सुरगाण्यातल्या आलंगुणचे. आमदार म्हणून ते पहिल्यांदा निवडून आले १९७८ साली, अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या सुरगाणा मतदारसंघातून. आणीबाणीनंतरची ती निवडणूक. त्या वर्षी माकपचे नऊ आमदार महाराष्ट्र विधानसभेत गेले होते. पुढे पक्षाची राज्यातली ताकद ओसरत गेली. २००४ मध्ये तीन आमदार उरले, २००९ पासून तर एकच. कधी डहाणू, कधी कळवण. पक्ष राज्यात आक्रसत असताना एकाच पक्षाच्या चिन्हावर सात वेळा विधानसभेत जाणं ही सोपी गोष्ट नाही. ज्या जिल्ह्यात आमदार दोन-तीन पक्ष बदलूनही निवडून येतात, तिथे तर नाहीच.

या सात विजयांच्या मुळाशी जमीन आहे. सुरगाण्यातली मोठी जमीन कागदावर वनखात्याची. पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूस कायद्याच्या नजरेत अतिक्रमणदार. वनरक्षक येणार, उभं पीक मोडणार, अवजारं उचलून नेणार, गुन्हा नोंदवणार. लाल बावट्याचा, म्हणजे माकपचा, कार्यकर्ता या वेळी गावात उभा राहिला, जामिनासाठी धावला, तहसीलवर मोर्चा घेऊन गेला. लोकांनी मत दिलं ते त्या पाठीराख्याला. शेजारच्या तेव्हाच्या ठाणे (आता पालघर) जिल्ह्यात तलासरी-डहाणूकडे १९४५ पासून गोदावरी परुळेकर आणि किसान सभा या डाव्या शेतकरी संघटनेने वारल्यांमध्ये जे काम केलं, तोच धागा डोंगर ओलांडून इकडे आला होता.

तरी सुरगाणा हा लाल बावट्याचा अभेद्य गड कधीच नव्हता. १९९५ साली राज्यात ४५ अपक्ष आमदार निवडून आले, त्यातले एक सुरगाण्याचे हरिश्चंद्र चव्हाण. हेच चव्हाण पुढे भाजपकडून तीनदा खासदार झाले: २००४ साली मालेगावमधून, २००९ आणि २०१४ साली दिंडोरीतून. १९९९ साली गावितांनी जागा परत मिळवली, २००४ साली टिकवली. म्हणजे सुरगाण्यात समोरचा उमेदवार आदिवासी, स्थानिक आणि तगडा असेल तर लढत घासून व्हायची. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढच्या प्रत्येक पराभवात समोर असाच उमेदवार होता.

नकाशा बदलला

२००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत सुरगाणा नावाचा मतदारसंघच उरला नाही. सुरगाणा कळवणला जोडला गेला, पेठ दिंडोरीला. लोकसभेचा मालेगाव हा राखीव मतदारसंघ जाऊन दिंडोरी आला.

गावितांच्या कारकिर्दीत या बदलाइतका मोठा धक्का दुसरा नाही, असं माझं मत आहे. लाल बावट्याचं काम पेठ, सुरगाणा, दिंडोरीचा पश्चिम पट्टा, त्र्यंबकेश्वर, कळवणचा डोंगर अशा सलग आदिवासी पट्ट्यात पसरलेलं आहे. मोर्चाला माणसं या सगळ्या तालुक्यांतून येतात. नव्या नकाशात हा पट्टा वेगवेगळ्या मतदारसंघांत वाटला गेला. पेठमधला कार्यकर्ता गावितांसोबत मुंबईपर्यंत चालतो, पण त्याचं मत दिंडोरीत मोजलं जातं. सुरगाण्याला मात्र असा भाग जोडला गेला, जिथे दुसऱ्याच नेत्याचा शब्द चालत होता.

तो नेता म्हणजे ए. टी. पवार. दळवटचे, कळवणचे वर्षानुवर्षांचे आमदार, माजी मंत्री. अर्जुन तुळशीराम पवारांची राजकीय वाट गावितांच्या अगदी उलट. पक्ष बदलले, पण मतदारसंघ आणि माणसं धरून ठेवली. धरणं, कालवे, रस्ते, आश्रमशाळा, सहकारी संस्था यांतून बांधलेला संबंध. गावितांचा मतदार संघर्षातून जोडला गेलेला, पवारांचा मतदार कामातून. दोघेही आदिवासी, दोघेही त्या मातीतले. २००९ साली पहिल्यांदा हे दोघे एकाच आखाड्यात आले आणि पवार जिंकले.

त्याच वर्षी उन्हाळ्यात गावित दिंडोरीतून लोकसभेलाही उभे होते. एक लाख पाच हजारांच्या आसपास मतं मिळाली, क्रमांक तिसरा. पहिले हरिश्चंद्र चव्हाण, दुसरे राष्ट्रवादीचे नरहरी झिरवाळ. या आकड्याकडे पुढे पुन्हा यावं लागेल.

२०१४: चौफेर फुटलेलं मैदान

सप्टेंबर २०१४ मध्ये काही तासांच्या अंतराने दोन्ही आघाड्या मोडल्या. भाजप-शिवसेना वेगळे, काँग्रेस-राष्ट्रवादी वेगळे. कळवणमध्ये गावित सुमारे ६७,८००, पवार सुमारे ६३ हजार, भाजपचे उमेदवार सुमारे साडेपंचवीस हजार. फरक जेमतेम पावणेपाच हजारांचा.

हा विजय मोठा होता, राज्यात माकपचा तो एकमेव आमदार. पण तो कसा मिळाला हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. गावितांची मतं एकजीव होती आणि विरोधातली मतं विखुरलेली. एखाद्या नेत्याचा ठाम, न हलणारा आधार असतो तेव्हा बहुरंगी लढत त्याला तारते. हाच आधार सरळ लढतीत अपुरा पडू शकतो. २०१९ आणि २०२४ मध्ये नेमकं तेच झालं.

मोर्चा

२८८ आमदारांच्या सभागृहात पक्षाच्या एकट्या आमदाराला बोलायला मिळणारा वेळ थोडा असतो. सभागृहात जे पोचत नव्हतं ते रस्त्यावरून पोचवायचं, हा निर्णय किसान सभेने घेतला. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या सीबीएस चौकातून लाँग मार्च निघाला. अशोक ढवळे, अजित नवले, किसन गुजर यांच्याबरोबर विद्यमान आमदार गावित पुढे होते. मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर. डोक्यावर लाल टोप्या, कित्येकांच्या पायात तुटक्या चपला, काहींच्या पायात तेही नाही. नाशिकहून निघताना हजारोंचा असलेला जमाव वाटेत वाढत गेला.

११ मार्चच्या रात्री सायनजवळच्या सोमय्या मैदानावर थकलेली माणसं टेकली होती. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांना वाहतुकीचा त्रास नको म्हणून ही माणसं झोप सोडून रात्रीच उठली आणि पहाटे आझाद मैदानावर पोचली. त्या रात्री मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर आले. आंदोलनाने शहराचा जीव जिंकावा असे प्रसंग महाराष्ट्राने फार कमी पाहिले आहेत. मला आजही वाटतं, आमदार म्हणून गावितांच्या पाच वर्षांतलं सर्वांत मोठं काम कुठलं, याचं उत्तर हा मोर्चा आहे. आणि ते काम सभागृहात नाही, रस्त्यावर झालं.

मागण्यांमध्ये कर्जमाफी होती, पेन्शन होती, रेशन होतं. पण चालणाऱ्यांपैकी मोठ्या भागासाठी खरी मागणी एकच: वनपट्टे, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरचा हक्क.

वनपट्ट्याचं गाडं कुठे अडतं

२००६ चा वनहक्क कायदा सांगतो की १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला प्रत्यक्ष ताब्यातल्या जमिनीवर, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, हक्क मिळावा. दावा आधी गावच्या वनहक्क समितीकडे आणि ग्रामसभेकडे. मग प्रांतांच्या अध्यक्षतेखालची उपविभागीय समिती. शेवटी जिल्हाधिकाऱ्यांची जिल्हास्तरीय समिती.

कागदावर हे सरळ आहे. प्रत्यक्षात ग्रामसभा मंजूर करते आणि वरच्या समितीत दावा अडतो. पुरावा अपुरा, मोजणी जुळत नाही, वनखात्याची हरकत. ज्यांना पट्टा मिळाला त्यांतल्या अनेकांना कसत असलेल्या जमिनीपेक्षा कितीतरी कमी क्षेत्र मिळालं. दोन-तीन एकर कसणाऱ्याच्या हातात काही गुंठे. त्यातही सातबाऱ्यावर नाव लागतं ते इतर हक्कांच्या रकान्यात. कब्जेदार सदरी, म्हणजे जमीनधारकाच्या रकान्यात, नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, विहीर मिळत नाही, विजेचं कनेक्शन अडतं, नुकसानभरपाईच्या यादीत नाव येत नाही. गावितांच्या मागण्यांमध्ये पुढची सगळी वर्षं ‘कब्जेदार सदरी नाव लावा’ ही मागणी कायम राहिली, ती यामुळे.

कायद्याच्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे, जिची चर्चा फार कमी होते. उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीत पंचायत व्यवस्थेतले तीन निवडून आलेले सदस्य असतात, त्यातले किमान दोन अनुसूचित जमातीचे. मार्च २०२२ मध्ये नाशिक जिल्हा परिषदेची मुदत संपली, निवडणुका झाल्या नाहीत आणि प्रशासक आले. दाव्यांचा निर्णय होतो त्या टेबलावर लोकांनी निवडून दिलेला माणूसच उरला नाही. आमदार कोण, यावर आपण जेवढं बोलतो त्याच्या निम्मं तरी यावर बोलायला हवं. सुरगाण्यातल्या दावेदाराच्या दृष्टीने ही रिकामी खुर्ची विधानसभेतल्या खुर्चीइतकीच मोलाची आहे.

१२ मार्च २०१८ रोजी सरकारने मागण्या लेखी मान्य केल्या आणि वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचा शब्द दिला. माणसं विशेष गाड्यांनी परत आली. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत मोर्चा पुन्हा काढावा लागला, तो नाशिकच्या वेशीवरच नव्या आश्वासनावर थांबला. शब्द मोडला गेला नसता तर दुसरा मोर्चा निघाला नसता.

मोर्चातली माणसं आणि मतपेटीतली मतं

लाँग मार्चनंतर वर्षभराने लोकसभा आली. माकपने दिंडोरीची जागा आघाडीकडे मागितली, राष्ट्रवादीने सोडली नाही. गावित स्वतंत्र लढले. भाजपने ए. टी. पवारांच्या सून भारती पवार यांना उभं केलं. त्या आधी २०१४ साली याच जागेवर राष्ट्रवादीच्या उमेदवार होत्या. या वेळी त्या सुमारे पाच लाख ६७ हजार मतं घेऊन जिंकल्या, राष्ट्रवादीचे धनराज महाले दुसरे, गावित सुमारे एक लाख साडेनऊ हजार मतांसह तिसरे.

आता २००९ चा आकडा परत आठवा. एक लाख पाच हजार. मध्ये दहा वर्षं गेली, देशभर गाजलेला मोर्चा झाला आणि लोकसभेतली मतं चार-साडेचार हजारांनी वाढली. मोर्चाने गावितांना राज्यभर ओळख दिली, सहा विधानसभा क्षेत्रांच्या लोकसभा मतदारसंघात मात्र मतांचा आधार जागचा हलला नाही. नांदगाव, येवला, चांदवड, निफाडमधल्या कांदा-द्राक्षवाल्या शेतकऱ्याने मोर्चाचं कौतुक केलं आणि मत दुसरीकडे दिलं.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एकट्या कळवण विधानसभेत गावितांना ८० हजारांहून जास्त मतं पडली. लोकसभेच्या सहा क्षेत्रांत मिळून एक लाख नऊ हजार आणि त्यातल्या एका क्षेत्रात सहा महिन्यांनी ८० हजार. विधानसभेला त्यांना मत देणारे काही लोक लोकसभेला दुसरीकडे गेले असतील हे धरूनही चित्र स्पष्ट आहे: आधार खोल आहे, रुंद नाही. विधानसभेची जागा लढवायला असा आधार लागतो, लोकसभेला तो पुरत नाही. लोकसभेच्या निवडणुका लढवून पक्षाने शक्ती खर्च केली, असं मला वाटतं. आघाडीशी वाटाघाटीत वजन राहावं म्हणून त्या लढवाव्या लागल्या, हा पक्षाचा युक्तिवादही अगदीच चुकीचा नाही. २०२४ मध्ये त्याचा उपयोग झाला.

२०१९ च्या विधानसभेत ए. टी. पवार नव्हते. २०१७ साली त्यांचं निधन झालं होतं. त्यांचे चिरंजीव नितीन पवार राष्ट्रवादीकडून उभे राहिले आणि सुमारे ८६ हजार ९०० मतं घेऊन जिंकले. गावित सुमारे ६,६०० मतांनी मागे. शिवसेनेचा उमेदवार २३ हजारांच्या आसपास. २०१४ शी तुलना करा. तिसऱ्या-चौथ्या उमेदवारांकडे जाणारी मतं आटली आणि पवारांच्या पारड्यात गेली. गावितांची मतं साडेबारा हजारांनी वाढली, पवार घराण्याची जवळपास २४ हजारांनी. वडिलांच्या निधनानंतरची सहानुभूती, घरातल्या एकाचा भाजपशी आणि दुसऱ्याचा राष्ट्रवादीशी असलेला संबंध, गावोगावचं जुनं जाळं, सगळ्याचा वाटा त्यात होता.

आमदारकी नसताना

गावितांच्या कारकिर्दीतला हा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. आमदारकी गेल्यावर बरेच नेते मतदारसंघात दिसेनासे होतात. इथे उलट झालं. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीतून पुन्हा पायी मोर्चा निघाला. या वेळी गावित माजी आमदार होते. कांद्याचे भाव कोसळले होते, त्यामुळे कांद्याला अनुदान ही मागणी वर आली. मोर्चा ठाणे जिल्ह्यात वासिंदपर्यंत पोचला. सरकारने क्विंटलला ३५० रुपयांचं सानुग्रह अनुदान देऊ केलं आणि वनहक्कांसाठी समिती जाहीर केली. त्या समितीत डहाणूचे आमदार विनोद निकोले यांच्यासोबत गावितांचंही नाव होतं. वासिंदच्या मुक्कामात एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. मोर्चा मागे घेतला गेला, पण त्या घरची हानी भरून येणारी नाही, आणि या आंदोलनाची किंमत मोजताना ती विसरता येत नाही.

फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस पुन्हा हजारो आदिवासी शेतकरी नाशिक जिल्हाधिकारी कार्यालयासमोर येऊन बसले. स्मार्ट रोडवर चुली पेटल्या, रात्री तिथेच पथाऱ्या. वाहतूक वळवावी लागली, शहरात कुरकुर झाली. पण ज्यांनी त्या दिवसांत तिथे थांबून दोन शब्द विचारले, त्यांना कुणाच्या ना कुणाच्या पिशवीत दाव्याची पावती, नामंजुरीचं पत्र, जुन्या दंडाची पावती पाहायला मिळाली. दंड भरल्याची पावती हाच ताब्याचा पुरावा, म्हणून ती वर्षानुवर्षं प्लास्टिकमध्ये गुंडाळून जपलेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) क्षेत्रातल्या रखडलेल्या भरतीसाठी आदिवासी विकास भवनासमोर आंदोलन झालं, त्यातही गावित उपोषणाला बसले.

२०१८ साली सरकारने चर्चा केली ती विद्यमान आमदाराशी, २०२३ साली माजी आमदाराशी. दोन्ही वेळा माणूस तोच आणि त्याच्यामागचा जमावही तोच. सरकारवर दबाव आणण्याची गावितांची ताकद आमदारकीवर अवलंबून नव्हती, हे यातून सिद्ध होतं. आमदारकी हवी होती ती त्यापुढच्या कामासाठी: मिळालेलं आश्वासन जिल्हा नियोजन समितीत, अर्थसंकल्पात, प्रांत कार्यालयात रोज मागे लागून वसूल करण्यासाठी.

विरोधातलं म्हणणं

गावितांवर होणारी टीका टाळून हा अभ्यास पूर्ण होणार नाही. २०२२ च्या अखेरीस सुरगाण्यातल्या सीमेवरच्या गावांनी गुजरातमध्ये सामील होण्याची मागणी केली. रस्ते नाहीत, दवाखाना लांब, पाणी नाही; सीमेपलीकडे हे सगळं आहे, असं त्यांचं म्हणणं. ज्या तालुक्याने एका माणसाला इतक्या वेळा निवडून दिलं, तिथे ही वेळ का यावी, हा प्रश्न रास्त आहे.

माझं उत्तर असं: सात वेळांपैकी बहुतेक काळ ते विरोधी बाकावर, आणि तेही मोजक्या आमदारांच्या पक्षातून. निधी सत्तेकडे वाहतो, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात दिसेल. तरीही जबाबदारी पूर्ण झटकता येत नाही. हक्काच्या लढाईत जेवढी शक्ती लागली, तेवढी रस्ता-पाणी-आरोग्याच्या पाठपुराव्यात लागली नाही, असं सुरगाण्यातली तरुण मुलं बोलतात तेव्हा त्यांना गप्प करता येत नाही. पट्टा मिळालेल्या बापाच्या मुलाला नोकरी हवी आहे, मोबाइलला रेंज हवी आहे. पेसा भरतीचं आंदोलन हाती घेणं हे या बदलाला दिलेलं उत्तर होतं. ते उशिरा आलं.

दुसरी अडचण पाण्याची. नार-पारचं पाणी गुजरातला जाऊ न देता ते महाराष्ट्रात वळवा, पण त्यासाठी आदिवासी गावं बुडवू नका, ही मोर्चातली जुनी मागणी. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे सात हजार कोटींच्या नार-पार-गिरणा प्रकल्पाला मंजुरी दिली. एकाच मतदारसंघात गिरणेच्या काठचा बागायतदार त्या पाण्याची वाट पाहतो आणि डोंगरातला कोकणा शेतकरी धरणाच्या सर्वेक्षणाने धास्तावतो. या मतदारसंघातल्या कुठल्याही आमदाराला या दोघांच्या मधोमध उभं राहावं लागणार आहे. गावितांची बाजू डोंगराकडची, हे सगळ्यांना माहीत आहे. पूर्वेकडे मतं मागताना ते त्यांना जड जातं.

२०२४: सरळ लढत

लोकसभेला माकपने माघार घेतली आणि शरद पवार गटाचे भास्कर भगरे यांना पाठिंबा दिला. भगरे सुमारे एक लाख १३ हजारांच्या फरकाने जिंकले. बदल्यात महाविकास आघाडीने विधानसभेला कळवण माकपला सोडलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा गावितांमागे मोठी आघाडी उभी होती.

समोर नितीन पवार, त्या वेळी अजित पवारांच्या राष्ट्रवादीत, महायुतीचे उमेदवार. २०१४ मध्ये चार पक्षांत वाटली गेलेली मतं २०१९ मध्ये दोघांत आली होती, २०२४ मध्ये ती एकाच चिन्हामागे आली. पवारांना सुमारे एक लाख १९ हजार, गावितांना सुमारे एक लाख पावणेअकरा हजार. फरक ८,४०० च्या आसपास. जुलैपासून लागू झालेली, महिलांच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये जमा करणारी लाडकी बहीण योजना, सत्तेतल्या आमदाराने आणलेली कामं आणि राज्यभरचं महायुतीचं वारं, हे सगळं समोरच्या बाजूला होतं.

त्या वर्षी जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीने जिंकल्या. पंधरावी मालेगाव मध्य एमआयएमकडे गेली, अवघ्या १६२ मतांनी. महायुतीच्या त्या १४ विजयांत सर्वांत कमी फरक कळवणचा होता. बाकीच्या ठिकाणी महाविकास आघाडीचे उमेदवार मोठमोठ्या फरकांनी पडले. भलेभले साधनसंपन्न उमेदवार वाहून गेले त्या लाटेत गावित आठ हजारांवर तगून राहिले, ते विस्तारलेल्या आधारावर. सुमारे ४,२०० जणांनी बाजू बदलली असती तर निकाल फिरला असता.

हे ४,२०० मतदार कुठले, याचा शोध घ्यायचा तर सुरगाण्याच्या केंद्रांपाशी थांबून चालणार नाही. तिथे लाल बावटा जवळपास त्याच्या कमाल मर्यादेला पोचला आहे. अभोणा, कनाशी, दळवट या कळवणच्या पश्चिम भागात आदिवासी मतदार आहे, वनजमिनीचा प्रश्न आहे आणि पवार घराण्याचा शब्दही आहे. २००९ पासूनच्या चारही लढतींचा निकाल याच गावांनी फिरवला, असं माझं वाचन आहे. मतदान केंद्रनिहाय आकडे फॉर्म २० मध्ये मिळतात. लाल बावट्याच्या नव्या पिढीने पुढचा उमेदवार ठरवण्याआधी ते गावनिहाय मांडावेत आणि त्या गावांतल्या प्रलंबित दाव्यांच्या याद्या शेजारी ठेवाव्यात. जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गणही तिथेच लढवावे लागतील, कारण उपविभागीय समितीतल्या त्या तीन जागा तिथूनच भरायच्या आहेत.